फोकसचं आडवं इंजिन मागच्या चाकांना जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोव्हेन्ट्रीत राहणाऱ्या एका वाचकाने लोटस सेव्हनच्या (हलकी, उघडी, दोन सीटची गाडी) धर्तीची, अर्धवट बांधलेली किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, घेतली आहे. इंजिन पुढे बसणार, मागे फोर्ड सिएराचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटून देणारी यंत्रणा) आहे. इंजिन म्हणून पहिल्या पिढीच्या फोर्ड फोकसचं २.० लिटर झेटेक स्वस्तात मिळालं, आणि त्यासोबत पुढच्या चाकांचा गिअरबॉक्सही आला. ते विचारतात: "कोणती अडॅप्टर प्लेट घेऊ? आणि हाच गिअरबॉक्स कसाबसा वापरता येईल का?"

दुसरं आधी निकालात काढू. नाही, वापरता येणार नाही. त्या पेटीच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, पोटातच डिफरन्शियल आहे आणि तिची ताकद डाव्या-उजव्या बाजूंना बाहेर पडते, मागे नाही. ती वापरायचीच तर इंजिनासकट अख्खा संच उचलून सीटच्या मागे ठेवावा लागतो. फियाटने १९७२ साली एक्स १/९ मध्ये, टोयोटाने १९८४ च्या एमआर२ मध्ये आणि लोटसने १९९६ च्या एलिसमध्ये हेच केलं. मागचं चेसिस त्यासाठी बांधलेलं असेल तर तो मार्ग फार सरळ आहे. तुमचं तसं नाही, त्यामुळे पेटी विकून टाका. फक्त फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाची जड चकती), प्रेशर प्लेट (क्लचची दाबणारी प्लेट), क्रँक सेन्सर, कॉइल आणि वायरिंगचे कनेक्टर काढून घेतल्याशिवाय विकू नका.

आता पहिला प्रश्न. अडॅप्टर प्लेट, म्हणजे न जुळणारं इंजिन आणि पेटी जोडणारी मधली चकती, ही या कामातली सगळ्यात सोपी वस्तू आहे, आणि झेटेकच्या बाबतीत बहुधा ती लागतच नाही. अडचण वेगळी आहे. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन बरीच कामं शेजारच्या पेटीवर आणि गाडीवर सोपवून मोकळं झालेलं असतं: इनपुट शाफ्टचं टोक कोण धरणार, वळणावर तेल कुठे सरकणार, पाणी कुठून बाहेर पडणार, इंजिनाचं वजन कोण पेलणार. इंजिन नव्वद अंशांत फिरवलं की या प्रत्येकाचं उत्तर नव्याने द्यावं लागतं. ब्लॉकला स्वतःला काही फरक पडत नाही. आपल्याकडे मारुती ८०० आणि ओम्नी यांच्यात तेच ७९६ सीसीचं इंजिन होतं. ८०० मध्ये आडवं, पुढच्या चाकांना, आणि ओम्नीत उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने), सीटखाली, मागच्या चाकांना. कारखान्याने बदललं ते इंजिनाच्या भोवतालचं.

इंजिन अजून घेतलेलं नाही अशांनी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे फिरण्याची दिशा. झेटेक पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, त्यामुळे तुम्ही सुटलात. होंडाची जुनी बी, डी, एफ आणि एच मालिकेतली आडवी इंजिनं उलटी फिरतात. (एस२००० चं इंजिन नावाला एफ मालिकेतलं, पण ते सुलटं फिरतं.) तसलं उलटं इंजिन साध्या गिअरबॉक्सला लावलंत तर पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड मिळेल.

गिअरबॉक्स म्हणून झेटेकला फोर्डची टाइप ९ ही पाच गिअरची पेटी लावायची प्रथा आहे, आणि ती प्रथा आळसातून आलेली नाही. या पेटीचं बेलहाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं, इंजिनाला टेकणारं घंटेसारखं आवरण, वेगळं सुटतं. त्यामुळे झेटेकच्या बोल्टांशी जुळणारं तयार अॅल्युमिनियमचं बेलहाउसिंग विकत घेतलं की मध्ये प्लेट घालावी लागत नाही. माझदा एमएक्स-५ ची पेटी नवी, गिअर गुळगुळीत, पण तिचं बेलहाउसिंग पेटीसोबतच ओतलेलं असतं. तिथे प्लेट लागते, आणि प्लेट आली की जाडीचा आणि मध्याचा हिशेब तुमच्या गळ्यात येतो. शिवाय एमएक्स-५ ची पेटी घेणाऱ्याने तिचं इंजिनही का घेऊ नये, ते तर मुळातच उभं आहे, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तुमच्याकडे झेटेक आधीच पडलंय, म्हणून टाइप ९.

ही पेटी दोन प्रकारांत मिळते. चार सिलिंडरच्या सिएरातली: पहिला गिअर ३.६५, दुसरा १.९७, तिसरा १.३७, चौथा १, पाचवा ०.८२. व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनामागची: ३.३६, १.८१, १.२६, १ आणि पाचवा जवळजवळ तोच. सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला १३० अश्वशक्ती असताना ३.६५ चा पहिला गिअर म्हणजे नुसती घाई. हिशेब करून बघा. १८५/६० आर १३ टायरचा घेर साधारण १.७३५ मीटर. डिफरन्शियल ३.९२ असेल तर ६,५०० आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये गाडी ४७ किमी वेगावरच संपते. व्ही६ ची पेटी आणि ३.६२ चा डिफरन्शियल घेतला तर तोच आकडा ५५ च्या पुढे जातो. मोटरवेवर ७० मैलांच्या वेगाने पाचव्या गिअरात ३.९२ ला सुमारे ३,४८० आरपीएम, ३.६२ ला ३,२१०. उघड्या गाडीत कानाला हा फरक जाणवतो. तेव्हा आधी तुमच्या डिफरन्शियलचा आकडा शोधा: एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, आणि उचललेलं चाक दोन फेरे फिरवताना प्रॉपेलर शाफ्ट (पेटीतून डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) किती फिरतो ते मोजा. तोच तुमचा आकडा. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (दोन चाकांना फार वेगळं फिरू न देणारा) असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकत्र एकच फेरा फिरवायची.

व्ही६ ची पेटी घ्यायची तर एक सावधगिरी: तिचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून ताकद घेणारा दांडा) चार सिलिंडरवालीपेक्षा लांब असतो. बेलहाउसिंग कोणत्या शाफ्टसाठी बनवलंय हे विक्रेत्याला विचारून, लिहून घ्या. इथे चूक झाली की पेटी इंजिनाला टेकतच नाही, किंवा टेकते पण शाफ्टचं टोक हवेत लटकतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही.

इथून पुढचं सावकाश वाचा, पैसे वाया जातात ते इथेच. पुढच्या चाकांच्या पेटीत इनपुट शाफ्ट पेटीच्या आत दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर धरलेला असतो. त्याला क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) आधाराची गरज नसते. टाइप ९ चा शाफ्ट मात्र पेटीतून पुढे लांब येतो आणि त्याचं नाक क्रँकच्या मागच्या भोकातल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. ते स्पिगॉट बेअरिंग. काही जण पायलट बेअरिंग म्हणतात. फोकसला ते कधी लागलंच नाही, म्हणून ते तुमच्या क्रँकमध्ये नाही. न बसवता गाडी जोडली तर ती चालते, म्हणूनच लोक फसतात. मग क्लच दाबूनही गिअर करकरत पडतात, पेटीचं पुढचं बेअरिंग आवाज करू लागतं, आणि शाफ्टच्या सीलमधून तेल क्लचवर झिरपतं. लोक क्लच बदलतात, पेटी खोलतात, आणि क्रँकच्या भोकात काय आहे ते कोणी बघत नाही.

शाफ्टचं नाक साधारण १५ मिमी असतं, पण मायक्रोमीटरने मोजा. जुन्या पेट्यांची नाकं झिजलेली असतात. क्रँकचं भोक किती आहे हेही मोजा आणि त्याप्रमाणे बेअरिंग किंवा बुश बनवून घ्या. क्रँकमध्ये ते घट्ट बसलं पाहिजे आणि शाफ्टवर हाताने सरकलं पाहिजे. हातोडीने थेट ठोकू नका, बाहेरच्या कड्यावर टेकणाऱ्या नळीने दाबा.

मग तीन मापं घ्या, तीनही ब्लॉकच्या मागच्या सपाट तोंडापासून: फ्लायव्हीलचा क्लच टेकतो तो पृष्ठभाग किती दूर, स्पिगॉटचं तोंड किती दूर, आणि भोकाचा तळ किती दूर. बेलहाउसिंग पेटीला लावून, त्याच्या पुढच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतचं अंतरही घ्या. या चार आकड्यांतून सगळं कळतं. नाक स्पिगॉटमध्ये किमान दहाएक मिलिमीटर शिरलं पाहिजे आणि टोकाला दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. टोक तळाला टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँक पुढे ढकलला जातो आणि त्याला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर खलास होतात. पेटी ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर अडली तर तिला बोल्टांनी ओढून घेण्याचा मोह होतो. ती हाताने टेकली पाहिजे. टेकत नसेल तर कारण शोधा.

क्लचमध्ये दोन गाड्यांचं लग्न लावायचं असतं. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांना जुळणारी, म्हणजे फोकसची. मधली प्लेट मात्र टाइप ९ च्या शाफ्टच्या खाचांना जुळणारी, म्हणजे सिएराच्या बाजूची, आणि व्यास फ्लायव्हीलला साजेसा. प्लेटचा हब पुढे-मागे किती निघालेला आहे हे दर प्लेटला वेगळं असतं, त्यामुळे हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासू शकतात. तपासायची रीत मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनची. बोल्टांच्या डोक्यांवर छोटे गोळे चिकटवा, क्लच बसवा, आवळा, पुन्हा काढा, दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्लेट बदला.

क्लच दाबणारी यंत्रणा मूळ टाइप ९ मध्ये वायर आणि फोर्कची आहे. जागा असेल तर ती ठेवा, दुरुस्ती बाहेरून होते. पेडलच्या बाजूला वायरीला वळण फार पडत असेल तर शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक सिलिंडर वापरतात. तो पूर्ण मागे दाबलेला असताना त्याचं बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या पाकळ्या यांच्यात तीन-चार मिलिमीटर अंतर हवं. क्लच झिजतो तशा पाकळ्या पेटीकडे सरकतात. अंतर नसेल तर काही हजार मैलांत क्लच आपोआप अर्धा दाबलेला राहतो आणि घसरू लागतो. कमी पडलं तर सिलिंडरमागची शिम (पातळ चकती) काढा, जास्त असेल तर घाला. पेडलला मागे आणि पुढे दोन्हीकडे स्टॉपर लावा, नाहीतर एखादा जोराचा पाय त्या सिलिंडरचं सील बाहेर काढतो.

आणि मध्यरेषा. बेलहाउसिंग विकत घेतलं म्हणून ते क्रँकच्या मध्यावर आहे असं धरून चालू नका. घरी किंवा लेथवर प्लेट बनवली असेल तर मुळीच नको. फ्लायव्हीलवर डायल गेज उभं करा, त्याचं टोक बेलहाउसिंगमधल्या पेटीच्या गोल भोकाच्या कडेला लावा आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवा. एका फेऱ्यातला एकूण फरक ०.१३ मिमीच्या आत हवा. गेजवरचा आकडा प्रत्यक्ष सरकलेल्या मध्याच्या दुप्पट असतो, म्हणजे मध्य ०.०६ मिमीच सरकलेला चालतो. जास्त आला तर डॉवेल पिना (जागा नक्की करणाऱ्या खिळ्या) सैल करून बेलहाउसिंग सरकवावं लागतं किंवा एककेंद्री नसलेल्या, म्हणजे ऑफसेट डॉवेल घालाव्या लागतात. फक्त बोल्टांच्या भरवशावर राहू नका. बोल्ट आवळतात, जागा दाखवत नाहीत. हेच माप पेटी टेकते त्या सपाट तोंडावरही घ्या, म्हणजे ते वाकडं नाही हे कळेल.

आता तेलाचं चेंबर. मूळ गाडीत इंजिन आडवं असल्याने वळणाचा जोर तेलाला क्रँकच्या लांबीच्या दिशेने ढकलतो, आणि ब्रेकचा जोर आडव्या दिशेने. तुम्ही इंजिन फिरवलंत की हे दोन्ही अदलाबदल होतात. आता वळणावर तेल चेंबरच्या बाजूच्या भिंतीवर चढणार, आणि सेव्हनसारखी हलकी गाडी चांगल्या टायरवर वळणात एक 'जी'च्या आसपास जाते. एक जी म्हणजे तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंश कलतो. लांब वळणात पिकअप (तेल ओढणारं पंपाच्या नळीचं तोंड) उघडा पडला की प्रेशर दोन सेकंदांसाठी जातं, आणि क्रँकवरच्या बिग-एंड बेअरिंगची वाट लागायला तेवढं पुरतं.

दुसरी अडचण उंचीची. मूळ चेंबर चेसिसच्या खाली लोंबतं, म्हणून ते कापून बुटकं करतात. २५ बाय २० सेंटिमीटरच्या तळातून चार सेंटिमीटर काढले तर दोन लिटर जागा गेली, आणि या इंजिनात तेलच मुळात सव्वाचार लिटरच्या आसपास. म्हणून नुसतं कापून तळ वेल्ड केलेलं चेंबर घेऊ नका. दोन्ही बाजूंना पंख काढून जागा भरून काढलेली आणि पिकअपभोवती आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपांची पेटी असलेलं घ्या. पिकअपची नळीही तितकीच आखूड झाली पाहिजे. जाळी आणि तळ यांत सहा ते आठ मिलिमीटर. कमी ठेवलं तर पंप गुदमरतो, जास्त ठेवलं तर हवा ओढतो. डिपस्टिकवरची जुनी खूण आता खोटी आहे. कोरड्या इंजिनात मोजून तेल ओता, काही मिनिटं थांबा, नवी खूण करा. अॅल्युमिनियमचं चेंबर असेल तर आवळण्याआधी त्याची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी सरळपट्टी लावून एका रेषेत आणा. मागे राहिली तर बेलहाउसिंगचे खालचे बोल्ट आवळताना काहीतरी तडकतं, आणि ते सहसा महागडंच असतं.

पाण्याचं बघा. झेटेकचं पाणी हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकातून बाहेर पडतं. फोकसमध्ये ती गाडीची डावी बाजू होती, भरपूर मोकळी. तुमच्याकडे तीच बाजू आता डॅशबोर्डच्या भिंतीला टेकते, आणि थर्मोस्टॅटचं मूळ घर तिथे मावत नाही. त्याजागी चपटा कोपरा किंवा वॉटर रेल बसवून नळी इंजिनाच्या कडेने पुढे रेडिएटरपर्यंत आणायची, आणि थर्मोस्टॅट त्या नळीत कुठेतरी घालायचा. इथे नेहमी होणारी चूक: बायपास (थर्मोस्टॅटला वळसा घालणारी वाट) बंद करणं. थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी इंजिनात फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत पोचतच नाही, तो उघडत नाही, आणि हेड एका कोपऱ्यात उकळतं, तर गेज थंड दाखवतं. हीटर ठेवणार नसाल तर हीटरच्या दोन तोट्या एकमेकींना जोडा, बुच मारू नका. भरायची टाकी हेडपेक्षा वर हवी. सेव्हनच्या बुटक्या बॉनेटखाली ती जागा आधी राखून ठेवा, शेवटी उरत नाही.

पॉवर स्टिअरिंग आणि एसीचे पंप काढल्यावर बेल्टचा मार्ग बदलतो. बदलताना पाण्याचा पंप बेल्टच्या खाचांच्या बाजूने फिरत होता की पाठीने, ते आधी फोटो काढून ठेवा. बाजू बदलली तर पंप उलटा फिरेल.

इंजिन पुलीकडून पुढे केलं की मूळ गाडीतली पुढची बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. फोकसच्या झेटेकचा एक्झॉस्ट पुढे होता, तो डावीकडे जाईल, आणि इनटेक उजवीकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याकडे. मूळ प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड तिथे बसणार नाही. थ्रॉटल बॉडी की बाइकचे कार्ब्युरेटर हा चवीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. दांडा आणि ट्रंपेट (हवा घेणाऱ्या नळ्यांची तोंडं) यांच्यात बोटभर जागा ठेवा, इंजिन रबरांवर हलतं. माउंट ब्लॉकच्या दोन्ही अंगांना तयार ब्रॅकेट लावून आणि तिसरं पेटीच्या शेपटीखाली. चेसिसला वेल्ड करण्याआधी सगळं नुसतं टाके मारून उभं करा आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन मोजा: पेटीची रेषा आणि डिफरन्शियलच्या नाकाची रेषा समांतर हवी, फरक एका अंशाच्या आत, आणि शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसवरचा (वाकणाऱ्या सांध्यावरचा) कोन तीन अंशांच्या आसपास किंवा कमी. अगदी शून्यही नको, क्रॉसमधल्या सुया जागच्या जागी खड्डे पाडतात. पेटीत सरकणारा योक (शाफ्टचं पुढचं टोक) पूर्ण आत दाबल्यावर अजून दीड-दोन सेंटिमीटर सरकायला जागा उरली पाहिजे.

वायरिंगमध्ये फोकसचा कॉम्प्युटर इमोबिलायझरसकट हलवण्यापेक्षा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) परवडतो. क्रँकचा सिग्नल देणाऱ्या चक्रावर ३६ पैकी एक दात गाळलेला असतो, त्यामुळे जवळपास कोणताही ईसीयू तो वाचतो. फोर्डच्या काही इंजिनांत ही दातेरी रचना फ्लायव्हीलच्या मागच्या अंगावर असते, काहींत क्रँकवरच. फ्लायव्हील हलकं करायला लेथवर देण्याआधी तुमच्यात ती कुठे आहे ते बघा.

रस्त्यावर आणायची तर ब्रिटनमध्ये आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी तपासणी, लागते. धुराच्या कोणत्या मर्यादा लागू होतील हे इंजिनाच्या उत्पादनाच्या तारखेवर ठरतं, तेव्हा इंजिन नंबर पुसू देऊ नका आणि खरेदीची पावती जपा. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल, कमाल ताकदीच्या आरपीएमच्या तीन-चतुर्थांशावर, अर्ध्या मीटरवरून. महाराष्ट्रात हेच करू पाहणाऱ्यांनी मात्र थांबावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांवरचं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता असली गाडी आरटीओत नोंदवली जाणार नाही, ती ट्रॅकपुरतीच.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढा, इंधन बंद करा आणि प्रेशर गेज हलेपर्यंत स्टार्टरने फिरवा. मग सुरू करून, गाडी जागेवरच ठेवून, क्लच ऐका. पेडल सोडलेलं, न्यूट्रलमध्ये घरघर, दाबल्यावर बंद: पेटीचं पुढचं बेअरिंग. पेडलला नुसता पाय टेकवल्यावर आवाज: रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावरच आवाज: स्पिगॉट, कारण तेव्हाच क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो. आणि आवाज काहीच नाही, पण पेडल दाबलेलं असताना मागची उचललेली चाकं ब्रेक लावून थांबवली की इंजिनाचा वेग पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. तेव्हा पेटी खाली उतरवण्याआधी पेडलचा स्टॉपर आणि सिलिंडरमधली हवा तपासा, आणि त्यांनी भागलं नाही तर ते चार आकडे पुन्हा काढून बघा.